आवाजाला साडेसहा

चित्राला मी साडेनऊ देऊन टाकले होते
डिस्क फिरायला लागून अकरा मिनिटं झाली तेव्हाच.
काळा कसा, तर तव्याच्या बुडासारखा गच्च,
आणि त्यात मासळीबाजाराची लाल निऑनची पाटी
शेजारच्या रंगात थेंबभर न सांडता उभी.
नायकाच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत,
आणि खलनायकाच्या टोपाची कडसुद्धा दिसावी,
डाव्या कानामागे गोंद सुटलेली.
हा दोष धरायचा की गुण?
वहीत नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

शाम शुई पोमध्ये, सातव्या मजल्यावर,
माझी खोली म्हणजे पाच स्पीकर
आणि उरलेल्या जागेत मी.
सहाव्या मजल्यावरच्या बाई
मारामारी सुरू झाली की झाडूच्या दांड्याने छत ठोकतात.
बास किती खोल उतरला, ते मला त्यांच्याकडून कळतं.
त्या रात्री तीनदा ठोकलं. म्हणजे उत्तम.

याऊ काकांना मुद्दाम बोलावलं होतं.
वय ऐंशीला टेकलेलं, एका कानात यंत्र,
हातात गरम पावांची पिशवी.
या सिनेमातला प्रत्येक ठोसा त्यांनी मारलेला,
म्हणजे पडद्यावर नाही,
पडद्यासमोर, अंधाऱ्या खोलीत, बनियनवर:
ओल्या चामड्यावर, डुकराच्या बरगडीवर,
आणि हसवायचं असेल तर कोबीवर.
"ताजा कोबी नको," म्हणाले. "दोन दिवसांचा घ्यायचा.
ताजा रडतो. शिळा हसतो."

मी जिन्याचा प्रसंग लावला.
दोन भाऊ, एक कपाट, कपाटात हवालदार,
आणि खाली जायला सत्तावीस पायऱ्या.
नवा ठोसा डावीकडून निघाला,
माझ्या डोक्यावरून गेला,
मागच्या भिंतीवर जाऊन फुटला.
मी वळून पाहिलं, पैसे वसूल झाल्यासारखं.
काकांनी नाही पाहिलं.
पाव तोंडाजवळ तसाच.

"हा माझा नाही."

मी आवाज वाढवला. खालून ठक.

"यात हाड नाही कुठे.
आणि कपाट चौथ्या पायरीवर आपटतं ना,
तिथे एक खोकला होता.
फूनचा.
पायऱ्या ती करायची, लाकडी चपला हातात घालून,
कपाट मी.
अंगात ताप, बारावा टेक, पहाटेचे चार.
दिग्दर्शक म्हणाला, राहू दे,
लोकांना वाटेल हवालदार खोकला.
आणि लोक हसले की!
प्रत्येक थेटरात, बरोबर तिथेच."

मेनूत अगदी तळाशी जुना मोनो होता.
त्याच्यापुढे मी आधीच लिहून ठेवलं होतं:
डब्यातून बोलल्यासारखा, अभ्यासूंपुरता.
तो लावला.
पाचांपैकी चार स्पीकर गप्प झाले, पाहुण्यांसारखे.
एक पायरी. दोन. तीन. कपाट.
आणि कपाटानंतर
आत ओढलेला एक श्वास, बस.
सुरसुर धुताना खोकला कुणीतरी छाटून टाकला होता,
श्वास तेवढा कात्रीत सापडला नव्हता.

मागे घेतलं. पुन्हा. पाच वेळा.
सहाव्यांदा काकांनी यंत्र नीट बसवलं,
मान तिरकी केली, हातानेच पायऱ्या मोजल्या.
"श्वास तिचाच," म्हणाले,
आणि पाव खायला लागले.

मी आवाजापुढचे नऊ खोडले.
साडेसहा लिहिले.
संपादक विचारेल, साडेसहा कशाचे?
त्याच्या तक्त्यात रकाने आहेत:
स्पष्टता, खोली, दिशा, संवाद.
साडेसहाचं अर्धं कुठून आलं,
ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दारात बूट चढवताना काका थांबले,
जमिनीकडे कान लावल्यासारखे.
"त्या खालच्या बाईंचा झाडू," म्हणाले,
"बांबूचा आहे ना?
छान वाजतो.
विकतील का, विचार एकदा."